वरचं पातं डावीकडे

माझ्या वर्गात माझ्यासमोर कुणी उभं राहायचं नाही, हा माझा पहिला नियम. कटिंग शिकायचं तर माझ्या मागे उभं राहायचं, उजव्या खांद्यामागे, आणि तिथून माझ्या हातांकडे बघायचं. समोरून बघितलं की सगळं उलटं दिसतं, आणि एकदा डोक्यात उलटं बसलं की ते सरळ करायला सहा महिने जातात. म्हणून माझं टेबल भिंतीला टेकवलेलं आहे. समोर यायला जागाच ठेवलेली नाही. एकतीस वर्षं मी भिंतीकडे तोंड करून शिकवते आहे, आणि मागच्यांना वाटतं तितकं मला मागचं कमी दिसत नाही.

माझा दुसरा नियम, एकदा दाखवते, दोनदा दाखवत नाही. लक्ष कुठे होतं तुमचं?

तर अशा बाईला संस्थेने सांगितलं की आता व्हिडिओ करा.

संस्था म्हणजे आमची शिवणकामाची शाळा. खाली मशीनचा हॉल, वर माझी कटिंगची खोली, मधे एक जिना, ज्याच्या सातव्या पायरीवर प्रत्येक नवीन माणूस एकदा तरी अडखळतो. शिकायला येणारे सगळे कामधंद्याचे लोक. कुणी पोस्टात, कुणी हॉस्पिटलात, एक तर निवृत्त बस ड्रायव्हर. आठवड्यातून चार दिवस येणं त्यांना जमत नाही आणि दर वर्षी निम्मे लोक मधेच गळतात. म्हणून वरच्यांनी ठरवलं की वर्ग फक्त सोमवारी, बाकीचं ॲपवर. प्राचार्य माझी समजूत घालायला स्वतः जिना चढून आले.

"बाई, तुम्ही फक्त बोलायचं आणि कापायचं. बाकीचं सगळं ॲप करेल."

"मग कापायलाही ॲपलाच सांगा ना," मी म्हणाले.

ते हसले. मी हसले नव्हते. पण हुकूम तो हुकूम.

माझी भाची मोबाइल दुरुस्त करते. तिचं स्वतःचं छोटं दुकान आहे आणि माझ्यापेक्षा तिळभर जास्तच तोंड आहे. ती येऊन टेबलावर एक लांब दांडी बसवून गेली, दिव्याला असते तशी, आणि तिच्या टोकाला फोन अडकवायचा चिमटा. "मावशी, फोन वरून टांगायचा. स्क्रीन छताकडे, मागचा कॅमेरा खाली. म्हणजे बघणाऱ्याला तुझे हात तुझ्या डोळ्यांनी दिसतील." हे मला पटलं. माझ्याच खांद्यामागून बघितल्यासारखं. समोर कुणी नाही.

पण ती गेल्यावर मी करून बघितलं, तर स्क्रीन छताकडे! माझे हात चौकटीत आहेत की नाहीत, हे काय स्टुलावर चढून बघायचं? मी सरळ फोन उलटा लावला, स्क्रीन खाली, माझ्याकडे. मान जरा वर केली की सगळं दिसायचं, टेप, खडू, कात्री, हात. कॅमेरा काय, मागे एक आणि पुढे एक, दोन्ही कॅमेरेच. पाच दिवसांत मी चौदा धडे उरकले. भाचीने ते ॲपवर चढवले. मी एकही बघितला नाही. स्वतःला बघत बसायची मला हौस नाही.

आता डावीबद्दल सांगते.

तिला हे नाव मीच ठेवलं, अगदी पहिल्या दिवशी. पस्तीस-छत्तीसची असेल. युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात अकरा वर्षं बटणांच्या टेबलावर. दिवसाला शेकडो शर्ट हाताखालून जायचे, तिने प्रत्येकाला बटणं लावायची, बस. तिच्या टेबलासमोरच कटरचं टेबल. तिथे जागा निघणार होती, पण कटरला आमच्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी ती आली. आली आणि आल्या आल्या डाव्या हातात कात्री धरली.

मी म्हणाले, "हात बदल, नाहीतर वर्ग बदल."

याला कारण होतं. डाव्या हातात कात्री धरली की पाती एकमेकांपासून सुटतात, कापड मधे दुमडतं, कड उंदराने कुरतडल्यासारखी होते. शिवाय वरच्या पात्याआड खडूची रेघच दिसत नाही, माणूस अंदाजाने कापतो. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, एकदा नाही, पन्नासदा. तेव्हा मी काही वेडेपणाने बोलत नव्हते.

तिने हात बदलला. आणि दोनदा परीक्षेला बसून दोनदा नापास झाली. उजव्या हाताने तिची कात्री दारू प्यायल्यासारखी चालायची. मुंढा, म्हणजे जिथे बाही जोडायची ती गोलाई, तिच्याकडून कधी गोल झालीच नाही. परीक्षेला तीनदाच बसता येतं. तिसऱ्यांदा नापास झालेल्याला संस्था पुन्हा घेत नाही. डावीची तिसरी खेप समोर होती, आणि ती हुकली तर तिला उरलेलं आयुष्य बटणंच लावायची होती. हे तिला माहीत होतं आणि मलाही. मला तिचं वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण वाईट वाटणं निराळं आणि मार्क देणं निराळं.

एका सोमवारी मी घरचं काम तपासायला घेतलं. नववा धडा, पुरुषांचा शर्ट. जुन्या चादरीचा कापून, कच्चे टाके घालून आणायचा होता. एकोणीस जणांनी एकोणीस शर्ट आणले.

पहिला हातात घेतला, तर काजपट्टी उजवीकडे. पुरुषांच्या शर्टाला काजं डाव्या भागावर असतात, बटणं उजव्या. हे लहान पोरालाही कळतं, त्याचा हातच तसा जातो. मी तो बाजूला टाकला. दुसरा, तसाच. तिसरा, तसाच. चौथा पोस्टवालीचा, ती वर्गात सगळ्यात हुशार, तिचाही उलटा. बस ड्रायव्हरने तर स्वतःचा शर्ट अंगात घातला होता आणि बटणं लावायचा अभिनय करत होता. "बाई, हात चुकतोय हो. बायकोचा घातल्यासारखं वाटतंय."

एकोणिसातले तेरा शर्ट उलटे निघाले. माझं डोकं असं फिरलं की काय सांगावं.

"डोळे आहेत का तुम्हाला? एकेक करून चुकलात तर समजेन, पण ठरवून चुकलात?"

"बाई, तुम्ही दाखवलं तसंच केलं," पोस्टवाली म्हणाली. "तुम्ही बोलताना डावा म्हणता आणि दाखवताना उजवा दाखवता. मी तीनदा मागे नेऊन बघितलं. शेवटी म्हटलं, बाई बोलताना चुकल्या असतील, हात काही चुकणार नाही त्यांचा."

तीनदा मागे नेलं! मला थांबवणं, मागे नेणं, माझ्या नवऱ्याला जे तीस वर्षांत जमलं नाही ते ही पोस्टवाली अंगठ्याने करत होती. पण तो राग नंतर करायचा म्हणून मी ठेवून दिला, कारण तेवढ्यात माझ्या हातात डावीचा शर्ट आला.

तो सुलट होता. काजं डावीकडे, बटणं उजवीकडे. ते ठीक, अकरा वर्षं बटणं लावणारी बाई तेवढं चुकणार नाही. पण मी मुंढ्यावरून बोट फिरवलं आणि थांबले. कड अशी स्वच्छ होती की मीच कापली असती तर तशी झाली असती. गोलाई एका दमात कापलेली. कुठे कात्री थांबल्याची खूण नाही.

मी तिच्याकडे बघितलं. "कुणाकडून कापून आणलंस?"

"कुणाकडून नाही, बाई. मीच कापलं."

"दोन वर्षं मी तुझं कटिंग बघतेय. मला शिकवू नकोस. कोण आहे तो?"

तिचा चेहरा पडला. ती हळू आवाजात म्हणाली, "तुमच्याकडूनच शिकले. जेवणाच्या सुट्टीत रोज तुमचा व्हिडिओ बघते. तुम्ही डाव्या हाताने कापता ना, बाई, त्यात."

"मी?" मी म्हणाले. "डाव्या हाताने? मी?"

"हो. मला वाटलं, माझ्यासाठी मुद्दाम केलंत."

बस ड्रायव्हर मागून म्हणाला, "मला वाटलं बाई दोन्ही हातांनी कापतात. यांचा काय भरवसा." दोघी-तिघी हसल्या आणि माझा चेहरा बघून थांबल्या.

पोस्टवालीने तिच्या फोनवर नववा धडा लावून माझ्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी मला शिकवताना बघितलं. माझा आवाज, माझं टेबल, माझी बांगडी, आणि कात्री डाव्या हातात. झरझर कापत होते मी, आणि डाव्या हाताने. टेपवरचे आकडे डोळ्यांजवळ नेऊन बघितले तर तेही उलटे, आरशात दिसतात तसे. एकतीस वर्षं जी एक गोष्ट टाळायला मी लोकांना भिंतीकडे तोंड करून शिकवलं, तीच गोष्ट मी चौदा धड्यांत करून ठेवली होती.

भाचीला तिथल्या तिथे फोन केला. ती आधी पोट धरून हसली. "मावशी, तू पुढच्या कॅमेऱ्याने काढलेस! तुझ्या फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखा आहे, उलटं दिसतं तसंच उलटं साठवतो. मी सांगितलं होतं ना स्क्रीन वर ठेव?"

सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. वर्गासमोर हे कबूल करायला मला थोडा वेळ लागला, पण केलं.

मग मी डावीला विचारलं, "पण व्हिडिओ उलटा असला म्हणून तुझी कात्री कशी सुधारली? डाव्या हातात कात्री चालत नाही, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलंय."

ती पिशवी उघडून उभी राहिली. "बाई, तुमच्या कात्रीचं वरचं पातं डावीकडे होतं, व्हिडिओत. माझ्या कात्रीचं उजवीकडे. मी थांबवून थांबवून बघितलं. म्हटलं, बाईंची कात्रीच वेगळी आहे. मग फोनवर शोधलं, तर खरंच तशी मिळते. डाव्या हाताची. मागवली." आणि तिने कात्री टेबलावर ठेवली.

मी ती उचलली. माझ्या उजव्या हातात ती ओबडधोबड, बेंगरूळ वाटली. अंगठा रुततोय, पाती सुटताहेत. चादरीच्या तुकड्यावर चालवून बघितली, तर कापड दुमडलं, कड कुरतडली गेली, आणि वरच्या पात्याआड रेघ दिसेना. जे मी दोन वर्षं डावीच्या हातात बघत होते, ते आता माझ्या हातात होत होतं. दोष हाताचा कधी नव्हताच. एकतीस वर्षं मी कात्रीचा दोष माणसांच्या हातावर लावत आले होते.

"काप," मी तिला म्हणाले. "इथे. आत्ता."

तिने दुसऱ्या टेबलावर कापड पसरलं, मुंढा आखला आणि कापला. चांगल्या कात्रीचा एक सलग आवाज असतो, मधे कुठे न तुटणारा. तो आवाज मी त्या हातातून पहिल्यांदा ऐकला. मला तिच्यासाठी आनंद झाला, आणि तेवढीच स्वतःची लाज वाटली. तिच्याआधीच्या डावखुऱ्या आठवल्या. चार तर नक्कीच. एक गोरी, उंच होती, दोन आठवडे येऊन परत आलीच नाही. मी तेव्हा म्हणाले होते, हिला आवड नाही.

भाची म्हणाली, एक बटण दाबलं की सगळे धडे सुलट होतील, उलटे काढून टाकू. मी म्हणाले, काढून टाकशील तर याद राख. सुलट वेगळे चढव आणि उलटे तसेच ठेव. त्यांच्यावर लिही, डाव्या हातासाठी. तिने लिहिलं. पंधरा दिवसांत त्याच्याखाली लोकांनी काय काय लिहिलं! ॲपवर आमच्या संस्थेबाहेरचेही लोक बघतात, हे मला ठाऊकच नव्हतं. एका बाईने लिहिलं, मी चाळीस वर्षांची आहे, पहिल्यांदाच कुणाचा हात माझ्या हातासारखा दिसला. एका पहारेकऱ्याने लिहिलं, मी अडुसष्ट वर्षांचा आहे, नातीचा फ्रॉक कापला, सांगा बाई आता बाही कशी लावू. त्याला मी स्वतः एका बोटाने टाइप करून उत्तर दिलं. अर्धा तास लागला.

पण डावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, आणि एका सकाळी मला आठवू नये ते आठवलं.

परीक्षेला परीक्षकाच्या हातात तपासणीचा कागद असतो. अकरा मुद्दे. त्यातला चौथा, कात्री उजव्या हातात, कापड डाव्या हाताने धरलेलं. हा मुद्दा अनिवार्य आहे. तो चुकला तर बाकीचे दहा बघतच नाहीत. कपाटातून मी मूळ कागद काढला. बावीस वर्षांपूर्वी परीक्षा घेणाऱ्या मंडळाने अभ्यासक्रम करायला तिघांना बसवलं होतं, त्यात मी होते. चौथा मुद्दा माझ्या अक्षरात होता. अनिवार्य हा शब्दही माझाच, आणि खाली दोन रेघा मारलेल्या.

मंडळाला पत्र लिहिलं. उत्तर फार नम्र आलं, की सूचना मोलाची असून पुढच्या वर्षीच्या फेरविचारात घेतली जाईल. डावीला पुढचं वर्षच नव्हतं, कारखान्यातली कटरची जागा तोवर थांबणार नव्हती.

मी तिला सगळं सांगितलं, कागद दाखवला. तिने तो दोनदा वाचला.

"मग उजव्याने कापू का, बाई? दोनदा कापलंच आहे."

"आणि दोनदा नापास झालीस."

"डाव्याने कापलं तर न बघताच नापास."

तिचं बरोबर होतं. मी तिला ठाम काहीतरी सांगावं म्हणून ती माझ्याकडे बघत होती, आणि मला एकच गोष्ट ठाम ठाऊक होती. "तू डाव्या हाताने काप," मी म्हणाले. "चौथा मुद्दा माझ्यावर सोड." कसा सोडवणार, याचा मला पत्ता नव्हता.

परीक्षाही आता कॅमेऱ्यावर होते. परीक्षक दुसऱ्या गावी, समोर लॅपटॉप, टेबलावर वरून टांगलेला कॅमेरा, आणि सगळं रेकॉर्ड होतं म्हणजे नंतर कुणी तक्रार करायला नको. कॅमेरा भाचीने लावला. मला तिने दांडीला हातसुद्धा लावू दिला नाही.

स्क्रीनवर परीक्षक आली आणि मी तिला लगेच ओळखलं. ती माझीच विद्यार्थिनी. वर्गात तिला आम्ही टाचणी म्हणायचो, बारीक आणि टोकदार. माझ्या हाताखाली तयार झालेल्या सगळ्यांत कडक तीच, आणि एके काळी मला त्याचा अभिमान होता.

"नमस्कार बाई," ती म्हणाली. मग चष्मा वर करत पुढे झुकली. "तुमचा कॅमेरा उलटा लागलाय. परीक्षार्थीच्या डाव्या हातात कात्री दिसतेय. सरळ करून घ्या."

"कॅमेरा सरळ आहे," मी म्हणाले. "टेपवरचे आकडे बघ. त्या डावखुऱ्या आहेत."

टाचणीने आकडे बघितले. मग कागद बघितला. "बाई, चौथा मुद्दा आहे."

"आहे."

"अनिवार्य आहे. मी पुढे तपासूच शकत नाही. त्यांनी हात बदलला तर आत्ता सुरू करू. नाहीतर मला इथेच थांबावं लागेल."

डावी टेबलाशी उभी होती. कात्री तिने खाली ठेवली नव्हती. मी सरकत कॅमेऱ्याखाली आले, माझे हात दिसतील असे टेबलावर ठेवले.

"तो मुद्दा कुणी लिहिला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे, बाई. तुम्ही. आम्हाला शिकवलंतही तुम्हीच. माझ्या शेजारी एक उभी राहायची, तिला तुम्ही…" ती थांबली. "असू दे."

ती गोरी, उंच. या दोघी एकाच तुकडीतल्या होत्या, ते मी विसरले होते. टाचणी विसरली नव्हती.

"तिला मी घालवलं," मी म्हणाले. "चूक माझी होती. डाव्या हातात उजव्या हाताची कात्री चालत नाही, एवढंच मी बघितलं होतं. कात्री दुसरी असू शकते, हे मला माहीतच नव्हतं. माहीत नसताना मी अनिवार्य लिहिलं."

"बाई, हे रेकॉर्ड होतंय."

"होऊ दे. म्हणूनच तर बोलतेय. चौथा मुद्दा चुकीचा आहे, तो लिहिणारी मी सांगते आहे. मंडळाला हवं तर माझी सही घे. पण या बाईचं कटिंग बघितल्याशिवाय तिला नापास करू नकोस. बघून कर, मी एक शब्द बोलणार नाही."

टाचणीने चष्मा काढून पुसला, परत लावला. मग ती डावीला म्हणाली, "कात्री कॅमेऱ्याजवळ धरा. उघडा. मिटा. पुन्हा उघडा." पाती तिने नीट निरखली. "वरचं पातं डावीकडे," ती स्वतःशीच म्हणाली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "चौथ्यापुढे मी 'लागू नाही' लिहिते आणि तुमचं म्हणणं जोडते. मंडळाने नाकारलं तर माझा इलाज नाही. तीन तास. सुरू करा."

मी खोलीबाहेर गेले आणि जिन्याच्या सातव्या पायरीवर बसले. परीक्षेत शिक्षकाने आत थांबायचं नसतं, हाही नियम आहे आणि तो बरोबर आहे. दाराआडून आवाज येत होता. कात्रीचा सलग आवाज, मग खडू, मग परत कात्री. एकदा तो मधेच तुटला आणि मी पायरीवरून उठलेच. नंतर कळलं, तिला शिंक आली होती.

अकरा दिवस निकाल लागलाच नाही. टाचणीचा कागद मंडळात तीन टेबलांवरून फिरला असं ऐकलं. त्या अकरा दिवसांत डावीने मला एकदाही फोन केला नाही आणि मी सतरा वेळा ॲप उघडलं. बाराव्या दिवशी, सोमवारी, सगळे वर्गात असताना पोस्टवाली किंचाळली. तिचा अंगठा सगळ्यांच्या पुढे असतो. "लागला! लागला! पास आहे हो! पहिला वर्ग!"

डावीने फोन हातात घेतला, वाचलं, परत वाचलं, आणि मटकन स्टुलावर बसली. बस ड्रायव्हरने शिट्टी मारली. मी डोळे पुसले, आणि खडूची पूड गेली असं सांगितलं. कुणीही विश्वास ठेवला नाही. निकालाखाली मंडळाची एक ओळ होती, की चौथा मुद्दा तत्काळ रद्द करण्यात येत आहे.

पुढच्या महिन्यात ती कटरच्या टेबलावर गेली. आता तिला डावी म्हणायची मला चोरी वाटते. तिचं खरं नाव मी तेव्हाच घ्यायला हवं होतं. कारखान्यात तिला कटरबाई म्हणतात, मीही तेच म्हणते.

परवा ती संध्याकाळी आली. डाव्या हातासाठीचे धडे नीट करायचे ठरलंय, आरशातले नव्हेत, खरे. ते मी करू शकत नाही, तिलाच करावे लागणार. भाचीने कॅमेरा लावला, स्क्रीन छताकडे. कटरबाई माझ्या टेबलाशी उभी राहिली, भिंतीकडे तोंड करून, आणि मी सवयीने तिच्या शेजारी जाऊन पुढे वाकले.

"बाई," ती घाबरत म्हणाली, "मागे उभ्या राहा ना. तुमचीच सावली पडतेय कापडावर."

मी मागे झाले. तिच्या उजव्या खांद्यामागे उभी राहिले, एकतीस वर्षं सगळ्यांना उभं करते तशी. तिने मान वळवून बघितलं आणि हसली.

"या बाजूने काही दिसणार नाही तुम्हाला. डाव्या खांद्यामागे या."

मी तिकडे सरकले. तिथून रेघ स्वच्छ दिसत होती.